आडनाव कोणाचे? : ‘परेरा’ या नावाच्या निमित्ताने

माणसाचे वय पालटते, रूप पालटते, गाव सुटते, धंदा बदलतो. आडनाव मात्र सहसा त्याची पाठ सोडीत नाही. गंमत अशी की, ज्या नावाने आपण जन्मभर सही करतो ते निवडताना आपणांस कोणी विचारलेले नसते. आपल्या आजोबा-पणजोबांसही बहुधा कोणी विचारलेले नसते. मग जे नाव आपण निवडले नाही, एवढेच नव्हे तर जे कधीकाळी आपल्या पूर्वजांवर बळाने घातले गेले असेल, ते कालांतराने आपले होते काय? होत असेल तर कशाच्या बळावर होते? आणि ते टाकून देण्यास सांगण्याचा अधिकार तिसऱ्या कोणास पोहोचतो काय? हा प्रश्न वरवर भाषेचा किंवा इतिहासाचा वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचा विचार केवळ हवेत करण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही एकच आडनाव हाती घेतो. ते आमच्या वाचकांच्या कानावरून अनेकदा गेलेले आहे. गोव्यात, वसईत, मंगळुरात, मुंबईत ‘परेरा’ नावाची घरे पुष्कळ आहेत. हे नाव आले कोठून?

इबेरिया द्वीपकल्पाच्या वायव्य कोपऱ्यात, आज मिन्यो नदीने ज्यांची सीमा आखली आहे असे दोन प्रदेश आहेत : नदीच्या उत्तरेस स्पेनमधील गालिसिया आणि दक्षिणेस पोर्तुगालचा उत्तर भाग. मध्ययुगात या दोन्ही तीरांवर एकच भाषा बोलली जाई. राज्ये वेगळी झाली, भाषाही हळूहळू दोन झाल्या. परंतु गावांची, ओढ्यांची आणि झाडांची नावे दोन्ही तीरांवर सारखीच राहिली. ‘परेरा’ हे त्या सामाईक ठेव्यातील नाव होय. लॅटिन भाषेत नासपतीच्या फळास ‘पिरुम’ म्हणत. त्यावरून त्या भाषेत फळास ‘पेरा’ आणि झाडास ‘परेरा’ असे शब्द झाले. ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे झाड, फिगेरा म्हणजे अंजिराचे, नोगेरा म्हणजे अक्रोडाचे, मोरेरा म्हणजे तुतीचे; त्याच पंक्तीतील हे नाव आहे. ज्या वाडीत नासपतीचे ठळक झाड असे ती वाडी ‘परेरा’ म्हणून ओळखली जाई, आणि त्या वाडीतून दुसरीकडे गेलेल्या माणसास लोक ‘परेराचा अमुक’ म्हणत. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव ही नावे झाली आणि तेथून निघालेल्यांस वडगावकर, पिंपळगावकर, आंबेगावकर म्हणू लागले, त्याच रीतीचा हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. परेरा नावाच्या वाड्या गालिसियात आणि उत्तर पोर्तुगालात एक नव्हे, अनेक होत्या. म्हणजे आरंभापासूनच सर्व परेरा एका रक्ताचे नव्हते. त्यांना एका सूत्रात बांधणारे काही असेल तर ते निरनिराळ्या अंगणांतील निरनिराळी झाडे! त्यांतील एका घराण्याने जहागिरी मिळवली, वंशावळी लिहवून घेतल्या आणि नावास सरदारी झळाळी आणली. त्या घराण्यात १३६० साली जन्मलेला नूनो आल्वारिश परेरा हा पोर्तुगालचा सेनापती. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोटाच्या रणांगणात त्याने कास्तिलच्या मोठ्या सैन्याचा पराभव केला आणि पोर्तुगालचे स्वातंत्र्य राखले. उतारवयात, १४२३ साली, सर्व संपत्ती वाटून टाकून तो कार्मेलाइट पंथाच्या मठात सामान्य सेवक म्हणून राहिला, आणि तेथेच १४३१ मध्ये वारला. २००९ साली रोमच्या पोपने त्यास संतपद दिले. त्याच्या मुलीचा विवाह राजा पहिला जुवांव याच्या अनौरस पुत्राशी झाला आणि त्या जोडप्यापासून ब्रागांझा घराणे निघाले. तेच पुढे १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालच्या सिंहासनावर होते.

परंतु त्याच आल्जुबारोटाच्या लढाईत कास्तिलच्या बाजूने लढणारा पेद्रो आल्वारिश परेरा हा नूनोचा भाऊ होता, आणि तो त्या रणात पडला. एकाच बापाचे, एकाच नावाचे दोन पुत्र परस्परविरुद्ध सैन्यांत उभे होते. आडनावात निष्ठा साठवलेली असते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या दोन भावांचा विचार करावा. नाव दोघांचे एक होते. कर्तव्य ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने ठरवले.

आता या नावाच्या प्रवासाचा दुसरा, कष्टाचा अध्याय पाहू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा त्यांतील पुष्कळजण पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, राजा मानुएल याने त्यांस बळाने बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्म्याबरोबर नवी नावे आली. कोणी परेरा झाला, कोणी रोद्रिगिश, कोणी मेंदिश. १५३६ पासून धर्मन्यायालयाचा जाच सुरू झाला आणि या ‘नव्या ख्रिश्चनां’पैकी अनेकांनी देश सोडला. अॅमस्टरडॅमला पोहोचलेला तोमाश रोद्रिगिश परेरा तेथे उघडपणे ज्यू धर्माकडे वळला आणि अब्राहम परेरा झाला. १६६६ मध्ये त्याने धर्मपर ग्रंथही लिहिला. पाहा कसे : त्याने बाप्तिस्म्याचे नाव टाकले, परंतु आडनाव टाकले नाही. ज्या नावाने छळ करणाऱ्यांनी त्याच्या पूर्वजांस हाक मारली, तेच नाव घेऊन तो आपल्या मूळ देवाच्या प्रार्थनामंदिरात जाऊन बसला.

त्याच समाजात पुढे याकोब रोद्रिगिश परेरा (१७१५–१७८०) झाला. त्याची बहीण मुकी-बहिरी होती. तिच्याशी बोलता यावे या तळमळीतून त्याने अशा मुलांस वाचा शिकवण्याची रीत बसवली आणि १७४९ मध्ये आपला शिष्य पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढे उभा केला. त्याचे नातू एमील आणि इझाक यांनी फ्रान्समध्ये आरंभीची रेल्वे बांधली आणि १८५२ मध्ये एक मोठी पेढी काढली. आज फ्रान्समध्ये हे नाव घेतले की लोकांस रेल्वे आणि पेढी आठवते. नासपतीचे झाड आठवत नाही आणि १४९७ चा बाप्तिस्माही आठवत नाही. नावाचा अर्थ नाव धारण करणाऱ्यांच्या कृतींनी बदलत जातो, याचे हे एक उघड उदाहरण आहे.

पोर्तुगालात पुढे असा समज रूढ झाला की झाडांची आडनावे असणारे सारे ज्यूंचे वंशज. हा समज खोटा आहे. ज्यूंनी ही नावे घेतली याचे कारण ती आधीपासूनच सर्वसामान्य ख्रिश्चनांची नावे होती आणि त्यांत मिसळून जाणे सोपे होते. सेनापती नूनोचे घराणे आणि अॅमस्टरडॅमचे अब्राहम परेरांचे घराणे यांचे नाव एक, रक्त निराळे. केवळ नाव ऐकून कुळाचा निवाडा करणाऱ्यांची अशी फसगत नेहमीच होते.

समुद्रापलीकडे तर या नावाने कमाल केली. ब्राझिलात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांस बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नावे देत, आणि पुढे अनेकांकडे धन्याचे आडनाव येई. १८८८ मध्ये गुलामगिरी उठली, बेडी तुटली, नाव राहिले. कोलंबियात १८६३ साली वसलेल्या एका शहरास फ्रान्सिस्को परेरा मार्तिनेस या गृहस्थावरून परेरा हेच नाव मिळाले. झाडावरून वाडीस, वाडीवरून माणसास आणि माणसावरून पुन्हा शहरास, असे हे चक्र पूर्ण झाले.

सिंहलद्वीपाची कथा आणखी विचार करायला लावणारी आहे. पोर्तुगीज तेथे १५०५ मध्ये आले आणि १६५८ मध्ये डचांनी त्यांस घालवून दिले. त्यांची सत्ता गेली. ‘पेरेरा’ हे नाव मात्र किनाऱ्यावरील सिंहली समाजात इतके खोल रुजले की आज ते तेथील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक आहे, आणि ते धारण करणाऱ्यांत बुद्धाच्या विहारात फुले वाहणारे असंख्य आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बौद्ध धर्माचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा परकी नावे टाकण्याची हाक उठली. काहींनी ती मानली, पुष्कळांनी मानली नाही. ज्यांनी मानली नाही ते कमी बौद्ध ठरले काय? राजा मिलिंदास नागसेनाने रथाचा दाखला देऊन समजावले होते की, ‘नागसेन’ ही व्यवहाराची खूण आहे. तिच्या आत शोधू गेल्यास नागसेन नावाची वेगळी वस्तू हाती लागत नाही. पेरेरा नावाचा बौद्ध या उपदेशाचे चालते-बोलते उदाहरणच म्हणावा लागेल.

आता आपल्या अंगणात येऊ. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी येथील देवळे पाडली गेली, देवस्थाने नदीपार हलवावी लागली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. १५६० पासून धर्मन्यायालय सुरू झाले, ते १८१२ पर्यंत कायमचे मिटले नाही. जे गेले ते देव घेऊन गेले. जे राहिले त्यांतील बहुतेकांस नवा धर्म आणि नवे नाव घ्यावे लागले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच वांगडातील घरे निरनिराळ्या आडनावांची झाली, आणि ज्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता ती घरे एका आडनावाची झाली. म्हणून गोव्यातील एखाद्या परेराचे कूळ शोधायचे तर लिस्बनच्या वंशावळी उपयोगी पडत नाहीत; गावकरीचे दप्तर उघडावे लागते. गावकरीत वांगड हेच कुळाचे खरे खाते असे. ग्रामसंस्थांच्या या चालीरीती पोर्तुगीजांनीच १५२६ मध्ये लिहून मान्य केल्या होत्या, आणि धर्म व नाव बदलूनही पुष्कळ घराण्यांचा गावकरीतील वाटा चालू राहिला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली, तरी तिच्या छत्र्यांच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या मिरवणुकीत गावचे ख्रिस्ती गावकरही सहभागी होतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आडनाव विसरले ते वांगडाने स्मरणात ठेवले.

या संदर्भात एका गृहस्थाचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. गोव्यातील हिंदू देवालये व देवता यांची गावोगावची नोंद एकत्र करून १९७८ साली ज्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांचे नाव रुई गोमिश परेरा. १९८१ मध्ये गावकरीसंस्थेवरील त्यांचे पुस्तकही आले. आपले कुलदैवत मूळ कोणत्या गावचे, कोठून कोठे गेले, हे शोधणाऱ्या अनेक महाजनांनी हे ग्रंथ चाळले असतील. तसेच हिंदू ईश्वरविद्येतील निवडक उताऱ्यांचा संग्रह १९७६ मध्ये सिद्ध करणारे आणि कोकणी भाषेचा कैवार घेणारे पंडित जुझे परेरा (१९३१–२०१५) हेही त्याच नावाचे. ज्या नावाच्या आगमनाबरोबर आपली देवळे पडली, त्याच नावाच्या माणसांनी त्या देवळांची आणि त्या विचाराची नोंद जपली. या दोन गोष्टींपैकी कोणतीही एक सांगून दुसरी झाकली तर ते अर्धसत्य होईल.

आम्हांस दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणते : ही नावे दास्याची खूण आहेत, ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी ती टाकून मूळ नावे घ्यावीत. दुसरे म्हणते : झाले गेले ते गंगेस मिळाले, त्या काळच्या जबरदस्तीचा उल्लेखच नको, त्याने मने दुखावतात. आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत, आणि याची कारणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिल्या मताविषयी. जबरदस्तीने नाव घालणे हा अन्याय, हे निर्विवाद. परंतु त्या अन्यायाचे मर्म कशात होते? पोर्तुगीज शब्द वाईट होते यात नव्हे. नासपतीच्या झाडाचे नाव कोणाचे काय वाईट करणार? मर्म यात होते की, माणसास न विचारता त्याचे नाव दुसऱ्याने ठरवले. आज आम्ही त्याच माणसाच्या वंशजास ‘हे नाव टाक’ असे बजावू लागलो, तर शब्द बदलेल, अन्यायाची जात तीच राहील. कोणी आपण होऊन पूर्वजांचे नाव शोधून धारण केले तर तो त्याचा हक्क आहे, आणि त्याचे आम्ही स्वागतच करू. कोणी चारशे वर्षांचे नाव राखले तर तोही त्याचाच हक्क. त्या चारशे वर्षांत त्या नावाने मुले वाढली, शेते कसली गेली, कोकणी ओव्या आणि मांडे रचले गेले, माणसे परदेशी गेली व घरी पत्रे आली. हे सारे त्या नावाच्या खात्यावर जमा आहे. मुद्दल अन्यायाचे होते म्हणून पिढ्यांच्या कष्टाने जमलेले हे सारे बुडीत खाती टाकता येत नाही.

आमची आपली नावे तरी किती शुद्ध आहेत, याचाही विचार व्हावा. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही नावे फारसी दप्तराने दिली. सुलतानी अमलातील कामावरून ती पडली आणि आज ती धारण करणारी घराणी सोवळ्यात पूजा करतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे दोन-अडीचशे वर्षे राहिलेली आमची मराठी कुटुंबे ज्या गावाचे नाव मागे लावतात, त्या गावाची वाटही त्यांतील अनेकांनी पाहिलेली नसते. तरी ते नाव त्यांचेच असते. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव स्वतः घेतले आणि एका पिढीत ते साऱ्या देशाचे झाले. मिळालेले, लादलेले आणि निवडलेले, अशी तिन्ही प्रकारची नावे आपल्या समाजात नांदत आहेत. फार काय, ज्या फळास आपण मराठीत पेरू आणि कोकणीत पेर म्हणतो, त्याचे नाव पोर्तुगीज ‘पेरा’वरूनच आले असे भाषाकोविद मानतात, आणि ते फळही त्यांच्याच जहाजांतून अमेरिकेहून आले. नैवेद्याच्या पानात पेरू ठेवताना आपण त्याची जात विचारीत नाही. फळाला जे औदार्य आपण दाखवतो ते माणसाला नाकारावे, हे कोणत्या धर्माला शोभेल?

आता दुसऱ्या मताविषयी. नावाचा मान राखायचा म्हणून ते कसे आले हे सांगू नये, हा युक्तिवाद आम्हांस दुबळा वाटतो. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गुरूंनी गोत्र विचारले. मुलाने आईकडून ऐकले तसे सांगितले की, पित्याचे गोत्र मला ठाऊक नाही, मी जाबालेचा सत्यकाम आहे. गुरूंनी त्यास परत पाठवले नाही, आणि ‘गोत्राचे राहू दे’ म्हणून विषय टाळलाही नाही. त्यांनी त्याचे सत्य ऐकून घेतले आणि त्या सत्यावरच त्याचा अधिकार मान्य केला. वंशाच्या शुद्धतेपेक्षा वंशाविषयीचे सत्य मोठे, हे त्या कथेचे सार आहे असे आम्ही समजतो. एखाद्या परेरास आपले नाव १५६० च्या सुमारास कसे आले हे कळले, तर त्यास खाली पाहण्याचे कारण नाही. खाली पाहायचे ते ज्यांनी जबरदस्ती केली त्यांनी. आणि त्याच्या हिंदू शेजाऱ्यास ते कळले, तर त्याने ते ज्ञान टोचण्यासाठी वापरू नये. सत्य लपवले तर जखम आत चिघळते, आणि सत्याचे शस्त्र केले तर नवी जखम होते. यांच्या मधली वाट अवघड आहे. पण दुसरी वाट नाही.

मग नाव आपले होते कशाने? आम्हांस असे दिसते की, नाव देणाऱ्याच्या हेतूने ते आपले होत नाही आणि त्याच्या मूळ अर्थानेही होत नाही. अॅमस्टरडॅमचा अब्राहम, बहिणीसाठी वाचेची विद्या शोधणारा याकोब, विहारात फुले वाहणारा सिंहली पेरेरा आणि देवळांची यादी करणारे रुई गोमिश परेरा यांनी ते आपापल्या आचरणाने आपले केले. ज्याने त्या नावाखाली जगून, त्या नावाचे देणे फेडून दाखवले, त्याचे ते नाव. हाच न्याय आमच्या कामतांना, प्रभूंना, नायकांना आणि देसायांनाही लागू आहे. नावामागे जुने देवस्थान आहे, महाजनकीचा मान आहे, एवढ्यावर नाव आपले राहत नाही. मंगेशाच्या किंवा शांतादुर्गेच्या नावाने ओळखले जाणाऱ्यास त्या नावाचे ओझे परेरापेक्षा हलके नाही. कदाचित अधिकच जड असेल, कारण ते त्याने न मागता, न सोसता मिळवलेले आहे.

आपल्या देवस्थानांच्या उत्सवांस मूळ गावचे ख्रिस्ती बांधव अनेक ठिकाणी आजही येतात. नारळ ठेवतात, तेल घालतात, नवस फेडतात. पावती लिहिताना त्यांचे नाव विचारले जाते आणि ते ‘परेरा’ असे सांगतात. तेव्हा पावती लिहिणाऱ्याने ते नाव जसे सांगितले तसेच, शुद्ध अक्षरात लिहावे; मूळचे काय होते हे त्यांनी आपण होऊन सांगितले तर आदराने ऐकावे, न सांगितले तर विचारू नये. एवढे केले तरी या लांबलेल्या विवेचनाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.